'असू दे सोबत' हे कारण तिथे चालत नाही

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडला, शेफिल्डला शिकायला जातानाच्या सामानाच्या यादीत तू दोन चाकू लिहिलेस, लाल स्विस आणि लाकडी मुठीचा ओपिनेल. लाल ने. ओपिनेल इथेच कपाटात राहू दे. दोन्ही घडीचे, दोन्ही तू ट्रेकला काकडी आणि दोरी कापायलाच वापरलेले, मग एकाला हो आणि दुसऱ्याला नाही का, ते निघण्याआधी नीट समजून घे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं कलम १३९ लागू आहे. पातं किंवा तीक्ष्ण टोक असलेली वस्तू योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी जवळ असणं, एवढंच त्या गुन्ह्याला पुरतं. ती उगारायला नको, दाखवायलाही नको. सूट एकाच प्रकाराला आहे: घडीचा खिशातला चाकू, ज्याच्या पात्याची धार तीन इंचांहून, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरहून लांब नाही. असा चाकू जवळ का आहे, याचं कारण सांगावं लागत नाही.

आता 'घडीचा' म्हणजे काय, इथे बहुतेकांची चूक होते. उघडल्यावर पातं खटक्याने पक्कं बसत असेल आणि मिटताना कळ दाबावी लागत असेल किंवा कडी फिरवावी लागत असेल, तर त्याला तिकडे लॉक नाइफ म्हणतात. १९९०च्या दशकात तिथल्या न्यायालयांनी ठरवून टाकलं की लॉक नाइफ हा सूट मिळालेला घडीचा चाकू नव्हेच. पातं दोन इंचांचं असलं तरी नाही. तुझ्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटिमीटर आहे आणि मुठीच्या तोंडाशी ती फिरणारी कडी आहे, म्हणजे तो दोन्ही अटींत नापास. त्याचा धाकटा भाऊ, ६ नंबरचा, सात सेंटिमीटरचा असतो. लांबीत बसतो, पण कडी त्यालाही असते. दुकानदार 'लहान आहे, चालतो' म्हणाला तरी ऐकू नकोस.

घरी एक परीक्षा कर. चाकू उघड, धार आपल्यापासून लांब धर आणि पात्याच्या पाठीवर तळहाताने हळू दाब दे. मागच्या स्प्रिंगचा विरोध मोडून पातं मिटत गेलं, तर ते सुटीत बसतं. अडलं, तर नाही. तुझा लाल स्विस बंद असताना ९१ मिलिमीटरचा आहे, त्याचं मोठं पातं असंच मिटतं आणि तीन इंचांच्या आत आहे. त्याच कंपनीच्या १११ मिलिमीटरच्या मॉडेलांत सहसा खटका असतो, म्हणून तिथे सेलमध्ये दिसलं तरी घेऊ नकोस. पक्कडवाल्या मल्टिटूलचंही तसंच. लेदरमन वेव्हचं पातं तीन इंचांहून थोडं कमी भरतं, पण उघडल्यावर पक्कं बसतं.

मला स्वतःला हा खटक्याचा नियम उलटा वाटतो. खटका बोटं वाचवतो. बिनखटक्याच्या चाकूने टोक खुपसायला गेलं की पातं मिटून तर्जनीवर येतं, हातावरच्या बऱ्याच जखमा अशाच होतात. कायद्याला मात्र पक्कं बसलेलं पातं खंजिरासारखं दिसतं. पटो न पटो, पाळायचा तोच नियम. म्हणून लाल चाकूने फक्त काप, भोसकू नकोस. भोक पाडायचं असेल तर त्यातली आरी वापर. सांध्यात वाळू-माती गेली की स्प्रिंग ढिली वाटते. कोमट पाण्यात उघडझाप करून धू, पूर्ण वाळव, मग तेलाचा एकच थेंब.

तीन इंचांच्या आतला, बिनखटक्याचा चाकूही एका वाक्याने बेकायदा होतो. ते वाक्य म्हणजे 'स्वसंरक्षणासाठी ठेवलाय'. १९५३च्या प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम अ‍ॅक्टनुसार इजा करण्याच्या हेतूने जवळ ठेवलेली कोणतीही वस्तू शस्त्र ठरते, मग ती चाकू असो वा स्क्रूड्रायव्हर. रात्री लायब्ररीतून परतताना भीती वाटली तर बसने ये, मित्राला फोन कर, पण 'असू दे जवळ' असा विचार मनातही आणू नकोस. आपल्याकडे 'असू दे सोबत, कधी लागेल सांगता येत नाही' हे शहाणपणाचं समजतात. तिथे नेमका हाच विचार माणसाला कोर्टात नेतो.

सुटीत न बसणारी वस्तू न्यायची वेळ आलीच, तर कायदा विचारतो: ही वस्तू आत्ता, या जागी, तुझ्याजवळ का? कारण खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुझी. शनिवारी शेफिल्डहून रेल्वेने हॅदरसेजला उतरून स्टॅनेज एजवर चढाईला जाताना सॅकमध्ये दोर कापायचा चाकू असणं समजण्यासारखं आहे. तोच चाकू सोमवारी त्याच सॅकमध्ये लेक्चरला गेला की कारण संपलं. 'काढायचा विसरलो' हे एकट्याने पुरेसं कारण नाही, असं न्यायालयांनी सांगितलेलं आहे. मोटारीच्या डिकीत राहिला तरी तो तुझ्याजवळच धरतात. कामासाठी, धार्मिक कारणासाठी आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगलेल्या वस्तूंना कायद्यात बचाव आहे, शिखांचं कृपाण त्यामुळेच चालतं.

सूट घडीच्या चाकूलाच आहे, घरगुती दिसण्याला नाही. २००५ साली तिथल्या हायकोर्टाने लोणी लावायची बोथट सुरीसुद्धा पातं असलेली वस्तू ठरवली. म्हणून डब्यात सुरी टाकायची नाही. सफरचंद घरूनच चिरून ने. स्वयंपाकाची सुरी तिथेच विकत घे. काउंटरवर वयाचा पुरावा मागतील, १८ पूर्ण लागतात. वेष्टन न फोडता, पावतीसह, सरळ घरी ये. वाटेत पबमध्ये थांबायचं नाही. मित्राकडे जेवण करायला जाताना त्याचीच सुरी वापर. नेणं भागच असेल तर पुठ्ठ्यात गुंडाळून, डब्यात घालून, सॅकच्या तळाशी.

काही वस्तूंना तर घराच्या कपाटातही जागा नाही. खटका दाबताच पातं झेपावतं तो, म्हणजे आपण ज्याला रामपुरी म्हणतो त्या जातीचा फ्लिक नाइफ. त्याच्या विक्रीवर १९५९पासून बंदी होती, जुलै २०२१पासून घरात ठेवणंही गुन्हा झालं. दुभंगणाऱ्या मुठीत मिटणारा बटरफ्लाय नाइफ, कंगव्यात-पेनात-लिपस्टिकमध्ये लपवलेली पाती, काठीतली गुप्ती, सगळी त्याच यादीत. सप्टेंबर २०२४मध्ये झॉम्बी धाटणीचे, म्हणजे मुद्दाम भीतीदायक दिसणारे सुरे आणि तशाच मॅशेटी (मोठे कोयते), ऑगस्ट २०२५मध्ये निन्जा तलवारी तिच्यात आल्या. त्या शेवटच्या बंदीमागे वुल्व्हरहॅम्प्टनचा रोनन कांडा हा १६ वर्षांचा मुलगा आहे. २०२२मध्ये त्याच्या घराजवळच त्याला मारलं, दुसराच कोणी समजून. मुलाच्या आईने लढून हा कायदा करून घेतला. मी हे लिहिताना थांबते, कारण तू त्याच्यापेक्षा काही फार मोठा नाहीस.

तिथे गेल्यावर महाराष्ट्र मंडळात जाशील, शिवजयंतीच्या मिरवणुकीत फेटा बांधशील. तलवार पुठ्ठ्याची किंवा लाकडाची. पन्नास सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, वाकड्या पात्याच्या तलवारी २००८पासून बंदीच्या यादीत आहेत. पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या आणि धार्मिक विधीच्या तलवारींना अपवाद आहेत, पण ते सिद्ध करत बसण्याची वेळ तुझ्यावर नको. पुण्यातून कोणी शोभेची तलवार पाठवतो म्हणालं तर नको म्हण. गणपतीत नारळ फोडायला कोयता घेऊन बसमध्ये चढायचं नाही. हॉलमध्ये हातोडी असतेच. अडकित्त्यालाही पातं असतं, विळीलाही. दोन्ही चेक-इन सामानात जातील आणि तिथल्या स्वयंपाकघरातच राहतील.

लोकांच्या नजरेबद्दलही सांगते, कारण कायद्याआधी तीच लागते. शेफिल्ड हे चाकू-सुऱ्यांचं जुनं गाव; हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली स्टेनलेस स्टील तिथेच घडवलं. पेननाइफ हा शब्दच पिसाची लेखणी तासायच्या चाकूवरून आला. जुन्या पिढीत शाळकरी पोराच्या खिशात तो असायचाच, आणि डोंगरात, शेतावर आजही कोणी दचकत नाही. शहरात चित्र वेगळं आहे. पोरापोरांतल्या भोसकाभोसकीच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचून लोक धास्तावले आहेत. ट्राममध्ये पाकीट फोडायला तू चाकू काढलास तर शेजारची बाई उठून जाईल आणि कदाचित ९९९, म्हणजे तिथला पोलिसांचा तातडीचा नंबर, फिरवेल. तिची भीती खोटी नाही. जिथे चारचौघं आहेत तिथे चाकू उघडायचा नाही, आणि त्यावरून थट्टाही करायची नाही.

पोलिसांनी थांबवलंच, तर हात दिसतील असे ठेव. सॅकमध्ये हात घालायच्या आधी तोंडाने सांग की तळाशी घडीचा चाकू आहे, आणि खरं कारण एका वाक्यात सांग. एरवी झडतीसाठी वाजवी संशय लागतो, पण हिंसेच्या शक्यतेमुळे पोलिसांनी काही काळ 'कलम ६०' लागू केलेल्या भागात संशय नसतानाही झडती घेता येते. झडतीआधी अधिकाऱ्याने आपलं नाव, ठाणं, काय शोधतो आहे, का आणि कोणत्या कायद्याखाली, हे सांगायचं असतं. झडतीच्या नोंदीची प्रत तीन महिन्यांच्या आत मागता येते. नुसत्या झडतीत नाव-पत्ता देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. अटक झाली तर ठाण्यात मोफत वकील मिळतो. तो येईपर्यंत सविस्तर काही बोलू नकोस आणि कशावर सही करू नकोस. 'कॉशन घे आणि सुट' असं कोणी म्हणालं तरी वकिलाशी बोलल्याशिवाय नाही. कॉशन म्हणजे खटल्याऐवजी पोलिसांनी दिलेली ताकीद; ती घेणं ही गुन्ह्याची कबुली आहे, ती नोंदीत राहते आणि पुढे व्हिसाच्या अर्जात आडवी येऊ शकते. कलम १३९ची कमाल शिक्षा चार वर्षं आहे. दुसऱ्यांदा सापडलेल्या प्रौढाला सहसा किमान सहा महिन्यांची कैद होते. स्कॉटलंडचा कायदा स्वतंत्र आहे, तीन इंचांची सूट तिथेही आहे, पण कमाल शिक्षा पाच वर्षं.

लाल चाकू चेक-इन बॅगेत, मोज्यात गुंडाळून ठेव. केबिन बॅगेत मुळीच नाही. तिथे पोचल्यावर त्याची जागा सॅक नव्हे, टेबलाचा खण. ट्रेकच्या आदल्या रात्री तो सॅकमध्ये जाईल आणि परतल्या संध्याकाळी, बूट काढायच्या आधी, खणात येईल. आज रात्री पात्याला पट्टी लावून फोटो पाठव. धार मोजायची, मूठ नाही.

तुझी,
आई