भर दुपारी रात्र करणाऱ्या वायरमनदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

दिवसभर नीट चालणारी दारावरची कॅमेऱ्याची स्मार्ट बेल अंधार पडला की बंद पडते, हे ऐकल्यावर तुमच्या आधीच्या सगळ्यांनी राऊटरकडे बोट दाखवलं. राऊटर दाराजवळ आणा, ॲप पुन्हा टाका, नाहीतर बेलच बदला! अहो, वायफाय कमी पडलं तर बेल ॲपवर ऑफलाइन दिसते, पण तिचा दिवा चालू राहतो. इथे दिवाच विझायचा आणि बेल पहिल्यापासून सुरू व्हायची. हा उपासमारीचा आजार, म्हणजे बेलला वीजच पुरत नव्हती. तो ओळखायला दारापाशी थोडा वेळ उभं राहावं लागतं, आणि तेवढंच कुणी केलं नाही.

एका तंत्रज्ञाने मीटर लावला होता, नाही असं नाही. तारा बेलमधून सोडवून मोजल्या, 16 व्होल्ट एसी आले. बेलला 16 ते 24 लागतात, म्हणून "सप्लाय ओके" म्हणत तो गेला. डीबीमधला (घरातल्या फ्यूज-स्विचच्या पेटीतला) ट्रान्सफॉर्मर मात्र 12 व्होल्ट, 8 व्हीएचा, म्हणजे साधारण 8 वॅट ताकदीचा, साध्या डिंगडाँगसाठी केलेला. इतका लहान ट्रान्सफॉर्मर भार नसताना, म्हणजे त्याला काही जोडलेलं नसताना, छापलेल्या आकड्यापेक्षा तीन-चार व्होल्ट सहज जास्त दाखवतो. मोकळ्या तारांवरचा आकडा फसवा असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नसेल का?

तुम्ही तारा सोडवल्या नाहीत. चालू बेलच्या स्क्रूंवर मीटरचे प्रोब टेकवले आणि दुसरा तळहात कॅमेऱ्यावर धरला. बस्स, एवढंच. बेलला वाटलं रात्र झाली, अंधारात बघायचे तिचे इन्फ्रारेड दिवे लागले आणि मीटर 13 वरून 12 च्या खाली आला. मग बटण दाबायला सांगितलंत. 11 च्याही खाली, आणि बेल बंद. रात्रीचा बिघाड रात्रीच दिसणार असं म्हणून सगळे दिवसा येऊन दिवसाच परत जात होते. तुम्ही रात्र हाताने आणलीत, आणि मीटरचा काटा... आकडाच तो, पण घरातल्या सगळ्यांना दिसेल असा फिरवून धरलात. या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे.

बाकीचं कामही तितकंच चोख. बेलपर्यंत टेलिफोनची 0.5 मिमी व्यासाची तार होती. अंतर 15 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 30, रोध अडीच ओहमच्या आसपास. अर्धा अँपिअर ओढला की सव्वा व्होल्ट तारेतच गेला. वर ती 230 व्होल्टच्याच पाइपमधून ओढलेली, जे मुळात चालतच नाही. तुम्ही वेगळ्या पट्टीतून 0.75 चौरस मिमीची तार टाकलीत आणि बुधवार पेठेतून 18 व्होल्ट, 2 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणलात. दुकानदार 24 व्होल्टचा गळ्यात मारत होता. रात्री घरातली 230 व्होल्टची लाइन 250 वर गेली की तो भाराशिवाय 27-28 देईल आणि बेलची मर्यादा 24 ची, म्हणून तुम्ही नको म्हणालात. प्रायमरीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या 230 व्होल्टच्या बाजूला, अर्ध्या अँपिअरचा फ्यूजही घातलात, कुणी मागितला नसताना. आता तळहात ठेवून, बटण दाबूनही 18 च्या खाली जात नाही.

मोजून मग बोलणारी माणसं हल्ली कमीच भेटतात. नवी बेल विकणं तुम्हाला सोपं होतं, शिवाय त्यात पैसेही जास्त सुटले असते. तुम्ही ट्रान्सफॉर्मर आणि तारेचे दुकानाच्या बिलाप्रमाणे पैसे घेतलेत, वर मजुरी. जुना ट्रान्सफॉर्मरही फेकला नाहीत. त्यावर मार्करने "चांगला आहे, फक्त साध्या बेलसाठी" असं लिहून परत दिलात.

मनापासून आभार, दादा. सोसायटीत आणखी चार दारांवर हीच बेल आहे आणि सगळ्यांच्या डीबीत तोच 8 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर. त्यांना तुमचा नंबर दिलाय, चालेल ना?

आपले कृतज्ञ,
एक घरमालक