ताई, 'ट्रेन ऑफ थॉट' समजावून सांगितल्याबद्दल खूप खूप आभार!

प्रिय ताई,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलला असता, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय.

मला एका लेखावर इंग्रजीत मत लिहायचं होतं. लेखकाचं म्हणणं असं की अमुक झालं म्हणजे आता तमुक होणारच, आणि ते मला अजिबात पटत नव्हतं. तिथे 'ट्रेन ऑफ थॉट' लिहू की 'लाइन ऑफ थिंकिंग', एवढाच माझा प्रश्न. डिक्शनरीत दोन्ही बघितलं तर अर्थ जवळपास सारखेच वाटतात, आणि कुणाला विचारावं तर "काहीही लिही, कळतं की" हेच उत्तर. कळतं हो, पण दुसऱ्याच्या मताला विरोध करताना तरी शब्द नेमका हवा ना.

तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत, आधी म्हणालात "तुला म्हणायचंय काय ते मराठीत सांग." मी सांगितलं, की माणसाबद्दल काही नाही, तो ज्या वाटेने त्या निष्कर्षाला पोचला ती वाट मला पटत नाही. मग तुम्ही म्हणालात की 'ट्रेन ऑफ थॉट' म्हणजे डोक्यात त्या वेळी एकामागून एक येणारे विचार, म्हणून ती तुटते, हरवते, बोलताना मध्येच कुणी हाक मारली आणि आपण "काय बरं सांगत होते मी?" म्हणतो ना, तिथे 'आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट'. 'लाइन ऑफ थिंकिंग' ही दिशा असते, ती पटते किंवा पटत नाही, म्हणून तुझ्या वाक्यात 'आय डोन्ट अ‍ॅग्री विथ धिस लाइन ऑफ थिंकिंग' शोभेल. आणि तसाच विचार करणारा एक अख्खा गट असेल तर 'स्कूल ऑफ थॉट'. सगळं आरशासारखं लख्ख झालं! मला सगळ्यात आवडलं ते हे की तुम्ही नुसते अर्थ नाही सांगितलेत, कुठल्या फ्रेजबरोबर कुठलं क्रियापद येतं तेही सांगितलंत. खरी अडचण तिथेच तर होते.

आणि ती आगगाडीची गंमत! मला वाटायचं डबे जोडलेली गाडी बघूनच कुणाला तरी हे सुचलं असेल, पण इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्सने १६५१ च्या 'लेव्हायथन' या पुस्तकातच विचारांच्या ट्रेनबद्दल लिहून ठेवलंय आणि वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक रेल्वे, इंग्लंडमधली स्टॉकटन-डार्लिंग्टन, सुरू झाली १८२५ ला, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. ट्रेन म्हणजे मागून ओढत येणारं काहीही, लांब झग्याचा मागे लोळणारा घोळसुद्धा ट्रेनच. पुढे १८९० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सला ट्रेन काय आणि चेन काय, दोन्ही शब्द पटेनात, कारण त्याच्या मते विचार तुकड्यातुकड्यांनी जोडलेले नसतातच, ते वाहतात, म्हणून त्याने 'स्ट्रीम' शब्द धरला. मला जेम्सचं जास्त पटतं, पण बोलताना मुद्दा निसटला की तोंडात ट्रेनच येते हेही खरंय.

मत लिहून झालं, पाठवलं पण. त्यात तुमचं वाक्य जसंच्या तसं ठेवलंय आणि त्याच्या पुढे मला ती वाट का पटत नाही ते सविस्तर लिहिलंय, कारण तुम्हीच म्हणालात की 'लाइन ऑफ थिंकिंग' पटत नाही म्हटलं की ती नेमकी कुठे चुकते ते दाखवावं लागतं, नाहीतर वाक्य अर्धवट राहतं. हे तर व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकातही मिळालं नसतं मला.

तुमची कामं बाजूला ठेवून एवढा वेळ दिलात, एकदाही "हे सोपंय गं" म्हणाला नाहीत. मनापासून आभार, ताई. आता 'पॉइंट ऑफ व्ह्यू' आणि 'पर्स्पेक्टिव्ह'वर गाडी अडलीय, रविवारी फोन करते.