फील्ड कोर्स म्हणजे सहल नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शैक्षणिक पुरवणीतले परदेशी शिक्षणावरचे लेख मी इथे ऑस्ट्रियात इन्सब्रुकला बसून ऑनलाइन वाचते. रँकिंग, फी, व्हिसा, पार्टटाइम जॉब सगळं असतं त्यात, पण पर्यावरण किंवा बायोडायव्हर्सिटी शिकायला येणाऱ्या मुलांसाठी जे सगळ्यात महत्त्वाचं तेच राहून जातं, की त्या कोर्समध्ये फील्डवर किती काम आहे आणि तिथे मुलांकडून नेमकं काय करून घेतात. मग घरचे विचारतात, नदीवर फिरायला जायचे पण मार्क मिळतात का गं? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की शेवटी म्हटलं पेपरलाच लिहावं.

आल्प्समधल्या नद्यांचं शिक्षण कसं चालतं ते सांगते. इन्सब्रुक युनिव्हर्सिटीचं ओबरगुर्गल या गावात संशोधन केंद्र आहे, 1951 पासूनचं. गाव 1930 मीटर उंचीवर, ऊट्झटाल खोऱ्याच्या अगदी आत (1991 मध्ये बर्फात सापडलेला तो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ऊट्झी, त्याला याच डोंगरांवरून नाव पडलं). गावाच्या वर रोटमोस नावाची दरी आहे, तिच्या टोकाला हिमनदी, आणि तिच्यातून निघणारा ओढा उन्हाळ्यात, हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाने पांढरट गढूळ वाहतो. जवळच्याच दुसऱ्या दरीत क्योनिग्सबाख नावाचा ओढा, त्याला हिमनदीचं पाणी नाही त्यामुळे स्वच्छ, तळ दिसतो. एकाच भागात दोन ओढे, हवा तीच उंचीही साधारण तीच, आणि आतलं जग पूर्ण वेगळं! विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे बांधून मिळणार?

काम कसं असतं, तर चौकटीला लावलेली जाळी प्रवाहात तळावर टेकवायची, चौकटीतले दगड एकेक उचलून हाताने घासायचे म्हणजे चिकटलेलं सगळं वाहत जाळीत येतं. हात काही मिनिटांत बधिर होतात. मग ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि चिमट्याने किडे वेचत बसायचं, तासन् तास. किड्याला दोन शेपट्या दिसल्या तर स्टोनफ्लाय, तीन असल्या तर बहुतेक मेफ्लाय (दोन्ही माशांसारखे कीटक, त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात), पण तिच्यातही काही जातींना दोनच असतात म्हणून कल्ले कुठे आहेत तेही बघायचं, पोटाच्या दोन्ही बाजूंना दिसले की ती मेफ्लायच. वाळूच्या कणांचं घर करून आत बसलेली कॅडिसफ्लायची अळी असते. जोरदार प्रवाहातल्या दगडांवर लिपोन्यूरा नावाच्या माशीची अळी मिळते, तिच्या पोटाला ओळीने सहा चोषक, त्यांच्यावर ती असल्या धारेतही दगडाला घट्ट चिकटून सरकत राहते. हे पुस्तकात वाचलं की विसरायला होतं, एकदा चिमट्याने सोडवायचा प्रयत्न केला की जन्मात विसरत नाही.

आणि वेळ. हिमनदीच्या ओढ्याला पहाटे पाणी कमी असतं, ऊन चढेल तसा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर तोच ओढा ओलांडायची सोय राहत नाही. सकाळी मोजलेली विद्युतवाहकता आणि संध्याकाळची यात फरक येतो कारण वितळलेल्या पाण्यात क्षार कमी. एका दिवसात उरकायच्या सहलीत हे कधीच कळणार नाही, तिथे मुक्कामच लागतो.

आता मूळ मुद्दा. हिमनदीच्या तोंडाशी पाणी भर उन्हाळ्यात सुद्धा एक-दोन अंशाच्या फारसं वर जात नाही, तिथे मुख्यतः डायामेसा नावाच्या चिलटासारख्या किड्याच्या अळ्याच तग धरतात. खाली जावं तसं पाणी कोमट आणि तळ स्थिर होत जातो आणि प्रजाती वाढतात. हिमनद्या तर मागे हटतायत, रोटमोसची 1858 पासून दोनेक किलोमीटर मागे गेलीय. म्हणजे आज जिथे पाच प्रजाती आहेत तिथे उद्या वीस मिळतील. नुसता आकडा बघणारा म्हणेल वा, जैवविविधता वाढली! पण त्या वीस खालच्या ओढ्यांत सगळीकडे आहेत, आणि ज्यांना बर्फाचंच पाणी लागतं त्या वर सरकत सरकत संपतात, कारण वर जायला जागाच उरत नाही. कोण आलं आणि कोण गेलं हे ओळखणारा माणूस हवा, आणि तो ट्रेसमोर बसल्याशिवाय तयार होत नाही.

तसंच स्वित्झर्लंडच्या नॅशनल पार्कमधली श्प्योल नदी, जी पुढे आमच्या इन्सब्रुकवरून जाणाऱ्या इन नदीला मिळते. वर धरण झालं, पूर थांबले, तळात गाळ साचला, शेवाळ माजलं. 2000 पासून तिथे मुद्दाम धरणातून पाणी सोडून छोटे पूर आणायला लागले. गाळ वाहून गेला, ट्राउट माशांना अंडी घालायला स्वच्छ खडी मिळाली, आणि तोवर नदीभर माजलेले गॅमॅरस (कोळंबीसारखे छोटे जीव) कमी होऊन मेफ्लायसारखे किडे वाढले. पुराने नदी सुधारते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आधीचा तळ आणि नंतरचा तळ हातात घेऊन बघितला की पटतं.

काहीजण म्हणतात आता पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती कळतात, कशाला थंडीत भिजायचं. डीएनए उपयोगी आहेच, पण तो जुळवून बघायला आधी कोणीतरी किडा पकडून नीट ओळखून त्याची नोंद केलेली लागते, आणि पाण्यातला डीएनए वरून वाहतही येतो, म्हणजे तो जीव इथेच राहतो असं नाही. ऊट्झटालमधल्या नद्यांचं पाणी शेजारच्या खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी वळवायच्या योजनेवर इथे कितीतरी वर्षं वाद चाललाय. अशा वादात कुठल्या ओढ्यात काय जगतं हे छातीठोक सांगणारे लोक लागतात, ते येणार कुठून?

तरी खर्च कमी करायचा म्हटलं की फील्डचे दिवस पहिले कापायची सूचना येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. सॉफ्टवेअरची लायसन्स कोणी कापत नाही.

म्हणून विनंती आहे की पुरवणीत अशा कोर्सेसची माहिती देताना फीच्या शेजारी हेही छापा: फील्डवर्क कंपल्सरी आहे की ऑप्शनल, सलग मुक्काम असतो की एकेक दिवस, राहण्याजेवणाचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, वेडर्स (पाण्यात उतरायचे उंच रबरी बूट) आणि गरम कपडे मिळतात की स्वतः घ्यायचे, इन्शुरन्स कोणाचा, आणि रिपोर्ट मुलांनी स्वतः गोळा केलेल्या नमुन्यांवर लिहायचा असतो का. हे प्रश्न अ‍ॅडमिशनच्या आधी ईमेलवर विचारता येतात. आणि पालकांना एवढंच सांगते, मुलगी ओढ्यात उभी राहून दगड घासतेय असा फोटो आला तर समजा की कॉलेज चालू आहे.

– एक वाचक, इन्सब्रुक (ऑस्ट्रिया)