कॅमेरा आईच्या हातात देणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही ते स्क्रूच्या डब्याखाली सरकवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव नको म्हणालात, ते पाळतो. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या तुम्हाला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरून कळेलच.

बाबा गेल्यावर त्यांचा कॅनन एई-1 कपाटातून काढला. मस्कतला नोकरीत असताना घेतलेला, 50 मिमीची 1.8 लेन्स, चामड्याचं कव्हर पार कडक झालेलं. नवा सेल घातला तरी हूं की चूं नाही. तुमच्याकडे येण्याआधी काय काय झालं ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. एसी आणि काचेचा दरवाजा असलेल्या एका दुकानात कॅमेरा हातातही न घेता "शोपीस म्हणून ठेवा" असा सल्ला मिळाला. दुसरीकडे तो कित्येक महिने पडून राहिला आणि परत आला तेव्हा सेलच्या कप्प्याचं झाकण तुटलेलं. "आधीपासूनच असेल," म्हणे. तिसऱ्याला फक्त लेन्स हवी होती, ॲडॉप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यासाठी विकायला. "बॉडी टाकून द्या" हे त्याने आईच्या तोंडावर म्हटलं. तिच्याकडे एकदा बघितलं असतं तर कदाचित गप्प बसला असता.

तुम्ही आत काय काय केलंत ते मला नीटसं समजलं नाही. पण काम करता करता तुम्ही जे बोलत होता ते लक्षात राहिलंय. 1976 साली हा बाजारात आला तेव्हा पोटात मायक्रोप्रोसेसर असलेला पहिला एसएलआर, म्हणजे लेन्समधून येणारं दृश्य आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा, हाच. वरचं टोपण धातूचं वाटतं, ते प्लास्टिकवर चढवलेलं क्रोम. 6 व्होल्टचा सेल संपला की शटर हलतच नाही, कारण ते सोडायचं काम विजेवर चालतं. आणि बटण दाबल्यावर दमेकऱ्यासारखी येणारी ती शीळ? ती आरशाच्या यंत्रणेतल्या वाळलेल्या दात्यांची, जगभरच्या एई-1ना होते. "तेलाचा थेंब योग्य जागी पडला पाहिजे, बस."

पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल. कॅमेरा तयार झाला, मी हात पुढे केला. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. स्टुलावरची सुट्या भागांची ताटली उचललीत, फडक्याने स्टूल पुसलंत, आईला बसवलंत आणि कॅमेरा तिच्या हातात दिलात. "घ्या वहिनी." ती दचकलीच. "मला नाही हो येत यातलं काही." त्यावर तुम्ही म्हणालात, "येत नाही त्यांच्यासाठीच तर कंपनीने हा बनवला."

मग तुम्ही सांगत गेलात. शटरचा वेग 125 वर. लेन्सची कडी 'ए' वर. मधल्या गोलात चेहऱ्याचे दोन तुकडे दिसतील, ते जुळवा. उजवीकडचा काटा लेन्स किती उघडणार ते सांगतो, ते कॅमेरा बघून घेईल. आईने समोरच्या चहावाल्यावर नेम धरला आणि बटण दाबलं. रोल आत नव्हताच. तरी तिने खटका ओढून पुन्हा दाबलं, पुन्हा ओढला, पुन्हा दाबलं. तुमच्याकडे गिऱ्हाईक ताटकळलं होतं, त्याला तुम्ही हातानेच थांब म्हणालात.

आमच्या अल्बममध्ये आई जागोजागी आहे, फोटो काढणारी ती कुठेच नाही. "हात लावू नका, महागाचा आहे," हा बाबांचा नियम. त्यांना दोष देत नाही. रोल आणि धुलाई दोन्ही तेव्हा खिशाला लागायचं. पण उजेड स्वतः मोजणारा कॅमेरा, आणि आमच्या घरात जणू त्याला लायसन लागत होतं! तो आईच्या हातात द्यावा हे तुम्हाला पहिल्या भेटीत सुचलं.

हल्ली सौजन्य म्हणजे "सर, अजून काही मदत?" हे पाठ केलेलं वाक्य. तुम्ही मला एकदाही सर म्हणाला नाहीत, सरळ अरे-तुरे केलंत. एका मेलेल्या बॉडीचं झाकण काढून आमच्या कॅमेऱ्याला बसवलंत आणि त्याचे पैसे बिलात धरलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "तो मेला, त्याला काय करायचंय झाकण?" अशी माणसं बाजारात आहेत म्हणून आमच्यासारख्यांच्या जुन्या वस्तू भंगारात जात नाहीत.

आईचा पहिला रोल धुऊन आला. शेजारचं मांजर, भाजीवाली, जिन्यातली कुंडी. माझा एकच, आणि त्यात डोळे मिटलेले. तिने तुम्हाला एक विचारायला सांगितलंय: रात्री ट्यूबलाइटखाली काटा 1.8 वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी, जाऊन बसतो आणि वेग 30 वर आणला तर हात हलतो. मग कमी उजेडात चालणारा 400 चा रोल घालायचा की फ्लॅश घ्यायचा? शनिवारी दुकान उघडं असेल तर ती स्वतःच येणार आहे. चहा पाजा, पण साखर कमी.

कळावे, लोभ असावा.