गरोदर बाईची गोळी औषधात धरा, खाण्यात नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं आणि मिस्टरांचं मेडिकल आहे. मी डी.फार्म केलंय, अठरा वर्षं झाली काउंटरला उभी राहते, पेपरला पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या, पण छापा नक्की, कारण हा विषय घरोघरचा आहे.

गेल्या महिन्यात एक पहिलटकरीण सासूबाईंबरोबर दुकानात आली. सहावा महिना लागलेला, चेहरा पांढराफटक, आमच्या दोन पायऱ्या चढून आली तर काउंटरला हात टेकून दम खात उभी राहिली. पर्समधून रिकामा पत्ता काढला आणि म्हणाली, ताई हीच गोळी द्या, दोन पत्ते द्या. सासूबाई म्हणाल्या, "अहो रोज न चुकता घेते, मी स्वतः हातात देते, तरी रक्त वाढेना. मागच्या वेळी साडेनऊ होतं, आज सांगितलं साडेआठ." मी पत्ता हातात घेतला, उलटा करून बघितला आणि माझ्या पोटात धस्स झालं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली गोळी 100 मिलिग्रॅम लोहाची होती. हा पत्ता त्याच नावाचा, नावापुढे फक्त दोन अक्षरं जास्त, रंग तोच गुलाबी, बॉक्सवरचं गरोदर बाईचं चित्र पण तेच, आणि लोह किती तर 27 मिलिग्रॅम. मागच्या बाजूला फॉइलच्या कडेला इतक्या बारीक अक्षरात छापलेलं की मला उजेडात धरून वाचावं लागलं, न्यूट्रास्युटिकल, नॉट फॉर मेडिसिनल यूज. म्हणजे हा पूरक आहार, औषध म्हणून वापरायचं नाही. आणि ती पोर दोन महिने औषध म्हणूनच घेत होती.

तो पत्ता आमच्याच दुकानातून गेला होता हे मी लपवणार नाही. दुकानात कामाला असलेल्या पोराने नाव वाचून काढून दिला, बिल मी केलं, माझ्याही लक्षात आलं नाही. तिच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला, चूक सांगितली, तिची माफी मागितली. आता तिला शिरेतून लोह देतायत आणि ती बरी आहे. पण तेव्हापासून मला झोप लागत नाही, अठरा वर्षं हे काम करणाऱ्या माझी अशी फसगत होते तर गावाकडच्या बाईने करायचं काय?

वाचकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गरोदरपणातल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या दोन कायद्यांखाली येतात. एक 1940 चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा. त्या गोळीवर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर असतो, ती औषध म्हणून तपासली जाते. दुसरा 2006 चा अन्नसुरक्षा कायदा, त्याखाली 2016 साली हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकलचे नियम आले. त्या गोळीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नंबर असतो, जसा फरसाणच्या पाकिटावर असतो तसाच. कायद्याने ती गोळी म्हणजे अन्न. आता बघा, दोन्ही एकाच कपाटात, एकाच रॅकवर, दोन्ही पत्त्यात, दोन्ही डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, दोन्ही घेऊन एमआर (कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी) येतात, दोन्ही मी पांढऱ्या पाकिटात घालून "जेवणानंतर एक" असं लिहून देते. बाईच्या दृष्टीने फरक काहीच नाही आणि कायद्याच्या दृष्टीने जमीन अस्मानाचा. आपल्या राज्यात तर दोन्ही बघणारं खातं पण एकच आहे, अन्न व औषध प्रशासन, पण औषधाला औषध निरीक्षक येतात आणि अन्नाला अन्न सुरक्षा अधिकारी, ज्यांच्या डोक्यावर आधीच दूध, तेल, खवा, पनीर, हॉटेलं सगळं आहे. दिवाळीच्या तोंडावर भेसळीच्या धाडी घालणाऱ्या माणसाने या गोळीत फॉलिक अॅसिड किती मायक्रोग्रॅम आहे हे कधी आणि कसं तपासायचं?

औषधाच्या बाजूला सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाला न उतरलेल्या औषधांची यादी काढते, ऑगस्ट 2024 च्या यादीत 50 हून जास्त नावं होती आणि त्यात कॅल्शियम आणि डी3 च्या गोळ्या पण होत्या. बातम्या आल्या, लोक घाबरले, आमच्याकडे पत्ते परत करायला लोक आले. पण मी म्हणते हीच तर चांगली गोष्ट आहे, निदान यादी निघाली, बॅच नंबर कळला, मला कपाटातला माल तपासता आला. न्यूट्रास्युटिकलसाठी अशी दर महिन्याची, बॅच नंबरसकटची यादी माझ्या हातात येतच नाही. मग कोणता माल बाजूला काढू?

कंपन्या औषध सोडून अन्नाच्या बाजूला का जातात, तर एक मोठं कारण किंमत. लोह आणि फॉलिक अॅसिडची साधी गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तिची कमाल किंमत सरकार ठरवतं. त्यातच चार व्हिटॅमिनं आणि थोडं डीएचए (माशाच्या तेलात असतं ते ओमेगा-3) घालून तिला न्यूट्रास्युटिकल केलं की किमतीवरची वेसण सुटते. मग दहा गोळ्यांचे तीनशे, साडेतीनशे, आणि दुकानदाराला स्कीम पण भरघोस. याच्या उलट आशाताई घरपोच देतात ती लाल गोळी, 2018 च्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातली, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर परत 180 दिवस, एक पैसा न घेता. आमच्याकडे बायका ती उशाखाली ठेवून देतात, सरकारी गोळी म्हणजे हलकी, उष्ण पडते, शी काळी होते, आणि नवऱ्याकडून पैसे घेऊन तीनशेचा पत्ता नेतात ज्यात लोह त्याच्या निम्मं पण नसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना अॅनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त हो! हे सगळं गोळीमुळे झालं असं नाही, खाणं, जंत, लागोपाठची बाळंतपणं, खूप कारणं आहेत, पण जी बाई खिशातून खर्च करून गोळी घेतेय तिला तरी त्यात पुरेसं लोह मिळायला पाहिजे की नाही.

आणि लेबल वाचायचं म्हटलं तरी समजत नाही. कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, त्यातलं खरं कॅल्शियम 500. फेरस फ्युमरेट 200 लिहिलेलं असतं, त्यातलं खरं लोह साधारण 65. एका पत्त्यावर अख्ख्या क्षाराचं (संयुगाचं) वजन मोठ्या अक्षरात, दुसऱ्यावर खऱ्या लोहाचं, मग शिकलेल्या बाईला पण वाटतं 200 वाली जोरदार आणि 100 वाली कमी. गोळी आपल्याकडे विकतात, घेणारी मराठी बाई, मग पत्त्यावर "यात लोह इतकं" हे चार शब्द मराठीत का नाहीत?

कमी पडण्याचं सांगितलं, आता जास्त होण्याचं. अन्न म्हटलं की लोकांना वाटतं कितीही खा. मागे एका बाईची पिशवी मी काउंटरवर रिकामी करून बघितली होती, डॉक्टरांची मल्टिव्हिटॅमिनची कॅप्सूल, नणंदेने दिलेली प्रोटीन पावडर, ऑनलाइन मागवलेल्या "प्रेग्नन्सी स्पेशल" गोळ्या, आणि केसांसाठी आणखी एक कॅप्सूल. चारीमध्ये व्हिटॅमिन ए. रेटिनॉल रूपातलं व्हिटॅमिन ए दिवसाला 10,000 युनिटच्या वर गेलं तर पोटातल्या बाळात व्यंग होण्याचा धोका असतो, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. एकेक डबा वेगळा बघितला तर प्रत्येक नियमात बसतो, बेरीज मात्र कुणीच करत नाही. मी वहीवर बेरीज करून दिली तेव्हा ती बाई रडायला लागली, मी चांगलंच करत होते ना ताई, म्हणाली.

हे फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. आमच्या गावातल्या कितीतरी मुली अमेरिकेत आहेत, आया जाताना लाडू नेतात आणि येताना सुनेसाठी, धाकट्या लेकीसाठी तिकडच्या प्रीनेटल गमीचे (गरोदरपणातल्या चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे) डबे आणतात, तिकडचं म्हणजे चांगलंच असणार म्हणून. पहिली गोष्ट, त्या गमीमध्ये बहुतेक वेळा लोह नसतंच. दुसरी, अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी सरकारची मंजुरी लागत नाही. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये 12 प्रीनेटल सप्लिमेंट तपासून अहवाल दिला, त्यातल्या 11 मध्ये एक ना एक घटक लेबलवर छापल्यापेक्षा मान्य मर्यादेबाहेर कमी किंवा जास्त निघाला. 6 मध्ये शिसं किंवा कॅडमियमसारख्या धातूंचे अंश सापडले, प्रमाण काळजी करण्याइतकं नव्हतं हे पण त्यात सांगितलंय. मुद्दा हा की कुणीतरी बाजारातून डबे उचलून तपासले आणि जे निघालं ते सगळ्यांसमोर ठेवलं. आपल्याकडे हे का होऊ नये?

मला याचं जास्त वाईट वाटतं कारण या गोळीचं मूळ आपल्या मुंबईत आहे. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर बाई मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना इतका अॅनिमिया का होतो हे शोधायला. यीस्टच्या अर्कातल्या कुठल्यातरी घटकाने तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं, तोच पुढे फोलेट म्हणजे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. 1945 मध्ये अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मग 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सात देशांतल्या चाचणीत दिसलं की आधीचं मूल मज्जारज्जूच्या व्यंगाचं झालेल्या बायकांनी दिवस जायच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड घेतलं तर तेच व्यंग परत होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी होतं. बाळाच्या मज्जारज्जूची ही घडण होते गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांत, म्हणजे बऱ्याच बायकांना पाळी चुकल्याचं नीट कळायच्या आत. त्या 28 दिवसांत गोळीत छापल्याइतकं फॉलिक अॅसिड नसेल तर ती चूक नंतर कुठल्याच गोळीने भरून येत नाही. ज्या वस्तूवर इतकं अवलंबून आहे तिला आपण फरसाणच्या रांगेत बसवलंय.

अजून एक, घरातल्या लहान पोरांचं. लोहाची गोळी लाल, वरून साखरेचा थर, पोरांना जेम्सची गोळीच वाटते. किलोमागे 60 मिलिग्रॅमच्या वर लोह पोटात गेलं की जीवावर बेतू शकतं, म्हणजे 10 किलोच्या बाळाने 60 वाल्या दहा गोळ्या खाल्ल्या, एक पत्ता, संपलं. आणि दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या बाईच्या घरात त्याच वयाचं पोर असतं हो. सप्लिमेंटचे तर मोठे डबे येतात, 60, 90 गोळ्यांचे, झाकण साधं फिरकीचं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला असतं त्यापेक्षा सोपं. दाबून फिरवायचं झाकण लावायला किती खर्च येतो?

2024 च्या सुरुवातीला केंद्राने न्यूट्रास्युटिकल औषध नियंत्रणाखाली आणायचं का हे बघायला समिती नेमल्याच्या बातम्या आल्या होत्या. माझं मागणं आहे की सगळ्यांचा निर्णय व्हायचा तेव्हा होऊ दे, प्रोटीन पावडर आणि जिमचे डबे नंतर बघा, पण ज्या डब्यावर गरोदर बाईचं चित्र आहे किंवा जो गरोदरपणासाठी म्हणून विकला जातो तो आधी औषधात घ्या. तोपर्यंत एकाच नावाची औषधाची गोळी आणि सप्लिमेंटची गोळी विकायला तरी बंदी घाला, हे उद्या सकाळी करता येण्यासारखं आहे, यासाठी समिती कशाला पाहिजे. आणि अन्न व औषध प्रशासनाने दर तीन महिन्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या दुकानांतून दहा-दहा नमुने उचलून बॅच नंबरसकट निकाल जाहीर करावेत, आमच्या दुकानातून उचला, मी स्वतः काढून देते. मे महिन्यात टेम्पोच्या पत्र्याखाली चार तास तापून आलेल्या डीएचएच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून मासळीचा वास मारायला लागतात, तो माल आम्ही परत पाठवतो, पण वास न येणाऱ्या गोळीतलं व्हिटॅमिन उडालंय की शिल्लक आहे हे मला काउंटरवर उभं राहून कसं कळणार?

आमच्या दुकानात आता मी गरोदरपणाच्या गोळ्यांचे दोन वेगळे रॅक केलेत, एकावर स्केच पेनने "औषध" लिहिलंय, दुसऱ्यावर "पूरक आहार, औषध नाही", आणि पोराला सांगितलंय की दुसऱ्या रॅकवरचं काही द्यायचं असेल तर आधी मला दाखव. काही एमआर नाराज झालेत. ती पहिलटकरीण मुलगी परवा परत आली होती, रक्त दहावर आलंय. पत्ता हातात घेतला की आधी उलटा करून बघते आता.

आपली,
एक वाचक आणि औषधविक्रेती,
जि. सातारा