मोजणीवाल्यांनो, खूप थँक्यू!
आमच्या बिल्डिंगचा कोपरा सरकारी जागेत घुसलाय की काय ही शंका ज्यांनी मिटवली त्या मोजणीच्या टीमचे मनापासून आभार, नावं माहीत नाहीत म्हणून इथेच लिहितोय. कंपाउंड म्हणजेच हद्द असं न धरता तुम्ही आधी झुडपात उकरून नकाशातले जुने दगड शोधले आणि तिथूनच मापं धरली, भिंतीजवळ न् झाडाखाली सॅटेलाइटचा सिग्नल गडबडतो म्हणून रोव्हर (सॅटेलाइटवरून जागा टिपणारं यंत्र) बाजूला ठेवून टोटल स्टेशन (कोन न् अंतर मोजणारं दुर्बिणीचं यंत्र) लावलं, तेही आमच्या ढीगभर प्रश्नांना उत्तरं देत (आमच्यातले अर्धे स्वतःला इंजिनियरच समजतात). भिंत आमच्या हद्दीच्या आत निघाली, पायऱ्या तेवढ्या बाहेर आहेत, त्या काढतोय. उन्हात खुणांना रंग मारणाऱ्या ताईंनाही स्पेशल थँक्यू!