जुन्या नाटकांच्या जाहिराती रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्ही तिघंचौघं मिळून कोनवाळ गल्ली ते शहापूर अशी पायी फेरी काढणार आहोत, चालत चालत बेळगावच्या नाटक-गाण्याचा इतिहास सांगायचा. सोपं वाटलेलं. रिट्झ थिएटर, म्हणजे आताचं लोकमान्य रंगमंदिर, तिथनं सुरुवात करायची, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, लिहून घ्यायचं. पण कुणालाही विचारा, गाडी पुलंच्या व्यक्तिचित्रातल्या रावसाहेबांवर येते आणि तिथंच थांबते. रावसाहेब थोरच हो, पण त्यांच्या आधीचं काय?

संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा, बेळगावात मास्तरकी केली, आणि पुढं 'शारदा' लिहिणारे देवल त्यांना शिष्य म्हणून भेटले ते इथंच. पण किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० ला पुण्यात लागलं ना, मग सगळं पुण्याचं झालं. इथल्या पोरांना किर्लोस्कर म्हटलं की पंप आठवतोय!

शहापूरनं तर आमची चांगलीच जिरवली. आम्ही बेळगावचे जुने कागद चाळत बसलो आणि शहापूरचं काहीच मिळेना, मग एकाच्या डोक्यात आलं की अरे ते १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं की, बेळगाव इंग्रजांचं. म्हणजे आज रिक्षानं दहा मिनिटांत जातो तिथलं दप्तर सांगलीकडं शोधायचं.

आणि एक, यावरनं आमच्यातच वाजलंय. एका आजींनी ट्रंकेतनं नाटकाची जाहिरात काढून दिली, ती निघाली कन्नड. आमच्यातला एकजण म्हणाला, फेरी मराठीची आहे, हे नको. मला पटलं नाही. कन्नड रंगभूमीवरच्या एणगी बाळप्पांसारखा माणूस २०१७ पर्यंत आपल्यात होता, त्यांना वगळून बेळगावचं रंगभूमीचं काय सांगणार? सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व मूळचे शिवपुत्र कोमकळीमठ, त्यांना कुठल्या बाजूला टाकायचं? ती जाहिरात मी शेजारच्या काकूंकडनं वाचून घेतली, फेरीत दाखवणारच.

तर वाचकांना विनंती, घरात जुनी हस्तपत्रकं, तिकिटं, फोटो असतील तर मोबाईलवर नीट फोटो काढून आपल्या कार्यालयात 'एक वाचक, शहापूर' या नावे द्यावेत, मूळ कागद घरातच राहू दे. मागच्या बाजूचाही फोटो काढा, तारीख बऱ्याचदा तिथंच पेन्सिलीनं लिहिलेली असते. आणि दिवाळीच्या साफसफाईआधी केलंत तर बरं, एका घरी आम्ही पोचलो तोवर दोन पोती रद्दीवाल्याकडं गेलेली.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव